लॉजिस्टिक रिग्रेशनमधला इंटरॅक्शन कसा वाचावा

लॉजिस्टिक रिग्रेशन म्हणजे होय-नाही अशा निकालाची शक्यता काढणारं मॉडेल; ते चालवता येतं हे धरूनच चालतो. इंटरॅक्शन म्हणजे एका चलाचा परिणाम दुसऱ्या चलानुसार बदलणं; मॉडेलात तो दोन चलांचा गुणाकार म्हणून येतो. ते दोन्ही चल ०-१ ठेवा आणि इंटरॅक्शनबरोबर दोन्ही मूळ चलही मॉडेलात असू द्या.

समजा, गोव्यातल्या गेस्ट हाऊसची खोली भरली की रिकामी राहिली, हे पाहायचंय. ठिकाण: सत्तरी ०, कळंगूट १. काळ: पावसाळा ०, डिसेंबर १. आता 'काळ'चा गुणांक फक्त सत्तरीतला परिणाम सांगतो, अख्ख्या गोव्याचा नव्हे. 'ठिकाण'चा गुणांकही तसाच, फक्त पावसाळ्यापुरता.

खरी अडचण पुढे आहे. सत्तरीत खोली भरण्याची शक्यता पावसाळ्यात १० टक्के, डिसेंबरात ३१. कळंगूटला ५० आणि ७५. (आकडे माझे, समजावण्यापुरते.) ऑड्स, म्हणजे खोली भरण्याची शक्यता भागिले रिकामी राहण्याची, काढा: सत्तरीत एक-नवमांशावरून चार-नवमांश, म्हणजे जवळपास चौपट, कळंगूटला एकावरून तीन, म्हणजे तिप्पट. या दोन पटींचं गुणोत्तर तीन भागिले चार, ०.७५. त्याचा नैसर्गिक लॉग उणे ०.२९ आणि हाच इंटरॅक्शनचा गुणांक. तो उणे दिसला की लोक बिनधास्त लिहून टाकतात, 'कळंगूटला सीझनचा परिणाम कमी.' पण टक्क्यांत पाहा: सत्तरीत वाढ २१ अंकांची, कळंगूटला २५ अंकांची. चिन्हच उलटलं! गणित दोन्हीकडे बरोबर आहे. ऑड्सवर बोलताय की शक्यतेवर, हे न सांगता लिहिलेलं वाक्य मात्र चूक. आय (Ai) आणि नॉर्टन या संशोधकांनी २००३ सालीच हे दाखवून दिलं, तरी अहवालांत नुसत्या गुणांकापुढे तारे (सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय असल्याची खूण) छापलेले अजून दिसतात. फार चीड येते. खोल्या किती भरतील हे मालकाला हवं असतं, ऑड्स रेशो (दोन ऑड्सचं गुणोत्तर) नव्हे.

म्हणून चारही गटांच्या शक्यता काढा, दोन फरक काढा, मग त्या फरकांतला फरक. मॉडेलात दुसरे चल नसतील तर या शक्यता कच्च्या टक्केवारीशी तंतोतंत जुळल्याच पाहिजेत. नाही जुळल्या तर कोडिंग तपासा. भाडं, वार असे चल असतील तर 'सरासरी खोली' कल्पून एकच आकडा काढू नका. प्रत्येक नोंदीसाठी चारही शक्यता काढून त्यांची सरासरी घ्या. स्टाटा या सॉफ्टवेअरमधली मार्जिन्स (margins) ही आज्ञा हेच करते.

गुणांकाचं पी-मूल्य (खरा परिणाम शून्य असता इतका मोठा गुणांक योगायोगाने येण्याची शक्यता) या शेवटच्या फरकाला चिकटवू नका. त्याचा विश्वास-अंतराल (कॉन्फिडन्स इंटरव्हल) वेगळा काढा, डेल्टा पद्धतीने (सूत्राने, अंदाजे) किंवा बूटस्ट्रॅपने (आपल्याच नोंदींतून पुन्हापुन्हा नमुने काढून).

आलेख सोपा: दोन रेषा, प्रत्येक ठिकाणाची एक, उभ्या अक्षावर शक्यता.