साथ किती वेगाने पसरतेय, हे कसे मोजायचे

आधी तारीख तपासा. "आज 70 नवे रुग्ण" ही तारीख लक्षणे सुरू झाल्याची, चाचणीची की अहवाल हाती आल्याची? आलेख शक्यतो लक्षणांच्या तारखेवर काढावा. अहवालाच्या तारखेवर काढला, तर सुट्टीच्या दिवशी खोटी घट आणि नंतर खोटी उसळी दिसते. लक्षणांच्या आलेखातही शेवटचे काही दिवस कायम कमी भरतात, कारण त्या दिवशी आजारी पडलेल्यांचे अहवाल अजून यायचे असतात. साथ ओसरल्याचे घाईने जाहीर केले जाते ते बहुतेकदा याच उतारावरून, म्हणून ते दिवस वगळूनच पुढचा हिशेब करा.

तुलना पूर्ण आठवड्यांची करावी. समजा, आधीच्या आठवड्यात 350 नवे रुग्ण आणि नंतरच्यात 490. भागाकार 1.4. रुग्णदुपटीचा कालावधी काढायला 7 गुणिले 0.693 (2 चा नैसर्गिक लॉगरिदम) करून त्याला 1.4 च्या नैसर्गिक लॉगरिदमने, म्हणजे 0.336 ने भागा: सुमारे 14 दिवस.

पण चाचण्या किती झाल्या? दोन्ही आठवड्यांत 7,000 असतील, तर बाधितांचे प्रमाण 5 वरून 7 टक्के झाले. साथ खरोखर वाढतेय. दुसऱ्या आठवड्यात 9,800 झाल्या असतील, तर प्रमाण 5 टक्केच राहते आणि वाढ निव्वळ जास्त चाचण्यांची असू शकते. चाचणी कोणाची करायची हा निकष मध्येच बदलला असेल, तर ही तुलनाच सोडून द्या.

एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण देतो, तो आकडा म्हणजे 'आर'. त्यासाठी एकाच्या लक्षणांपासून त्याच्याकडून लागण झालेल्याच्या लक्षणांपर्यंतचे अंतर लागते. ते 5 दिवस असेल, तर 1.4 चा 5/7 वा घात घ्या: सुमारे 1.27. 10 दिवस असेल, तर त्याच रुग्णवाढीतून 1.62 निघतो. म्हणून हे अंतर न सांगता दिलेल्या 'आर'वर विसंबू नये. तो 1 च्या खाली टिकला, तर साथ आटते.

कोणालाच प्रतिकारशक्ती नसतानाचा आकडा म्हणजे 'आर-नॉट'. गोवरासाठी तो साधारण 12 ते 18 धरतात. 1 मधून त्याचा व्यस्त वजा केला की गोवर रोखायला 92 ते 94 टक्के लोक सुरक्षित हवेत, हे कळते. लसीकरणातली थोडी ढिलाईही गोवराला पुरते, ती यामुळे.

मृत्युदर सर्वांत फसवा. वाढत्या साथीत आजच्या मृत्यूंना आजच्या रुग्णसंख्येने भागले, तर तो कमी दिसतो. कालपरवा दाखल झालेल्यांचे काय होणार, हे अजून ठरलेलेच नसते.