पोटातल्या जंतूवर पहिला कोर्स लागू पडला नाही, तर दुसरा उपचार कसा घ्यावा

जत, आटपाडीकडून मिरजेला पोटाच्या तपासणीसाठी येणाऱ्यांच्या पिशवीत जुने रिपोर्ट असतात, पण संपलेल्या गोळ्यांची पाकिटे क्वचितच असतात. जठराच्या अस्तरात राहून अल्सर करणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूवर पहिला कोर्स लागू पडला नसेल, तर पुढचा उपचार ठरवताना याच पाकिटांचा सर्वांत जास्त उपयोग होतो.

म्हणून आधी ती शोधावीत. न सापडल्यास औषध दुकानाची बिले पाहावीत आणि घसा, लघवी किंवा जुलाबासाठी गेल्या काही वर्षांत घेतलेल्या अँटिबायोटिक गोळ्याही आठवून लिहाव्यात. क्लॅरिथ्रोमायसिनला जंतू एकदा दाद देईनासा झाला, की तेच औषध पुन्हा देऊन सहसा काही साधत नाही, कारण ते जिथे चिकटते ती जंतूमधली जागाच बदललेली असते. लिव्होफ्लॉक्सॅसिनचेही तसेच. अमॉक्सिसिलिनला मात्र हा जंतू क्वचितच सरावतो, त्यामुळे पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नसल्यास ते पुन्हा वापरता येते.

त्यानंतर जंतू खरोखर उरला आहे का, हे तपासावे. नुसत्या जळजळीवरून ते कळत नाही. श्वासाची युरिया चाचणी किंवा शौचातील अँटिजेनची चाचणी कोर्स संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी करावी आणि त्याआधी २ आठवडे पँटोप्रॅझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारून थांबवाव्यात, नाहीतर जंतू असूनही चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. रक्तातील अँटिबॉडीची चाचणी इथे उपयोगाची नाही, कारण जंतू गेल्यावरही ती दीर्घकाळ पॉझिटिव्ह राहते.

दुसऱ्या फेरीत बहुधा चार औषधे एकत्र देतात: आम्ल कमी करणारी गोळी, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडॅझोल, साधारणतः १४ दिवस. जुलाबावर मेट्रोनिडॅझोल सर्रास घेतले गेल्याने आपल्याकडे त्याला न जुमानणारे जंतू पुष्कळ आहेत, तरीही बिस्मथच्या जोडीने, पुरेशा मात्रेत आणि पूर्ण मुदतीत ते बरेचदा काम करते. एवढ्यासाठीच दहाव्या दिवशी बरे वाटले म्हणून थांबू नये.

आम्लाची गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यावी. टेट्रासायक्लिन दूध, ताक, लोह किंवा अँटासिड यांच्यासोबत घेऊ नये, कारण ते शोषले जात नाही; ज्यांचे रात्रीचे जेवण दूध-भाकरीचे आहे, त्यांनी दोहोंत निदान २ तासांचे अंतर ठेवावे. गरोदर स्त्रियांना आणि ८ वर्षांखालील मुलांना हे औषध देत नाहीत. मेट्रोनिडॅझोल चालू असताना दारू पूर्ण वर्ज्य करावी. बिस्मथमुळे जीभ आणि शौच काळसर होते, त्याची भीती बाळगू नये; मात्र शौच डांबरासारखे चिकट होऊन चक्कर येत असेल, तर तो रक्तस्राव असू शकतो आणि त्याच वेळी रुग्णालय गाठावे.

कोर्स संपल्यावर चाचणी पूर्वीच्याच नियमाने पुन्हा करावी. याही वेळी जंतू आढळला, तर तिसरे मिश्रण अंदाजाने सुरू करण्याआधी, एंडोस्कोपीत घेतलेल्या तुकड्यावर कोणते औषध चालते याची चाचणी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.