गव्हाशिवाय रात्रीचं जेवण, तेही अर्ध्या-पाऊण तासात

माझ्या मुलीचा गहू बंद झाला तेव्हा पहिले दोन महिने मी गव्हाची नक्कल करण्यात घालवले. ग्लूटेन फ्री (म्हणजे गव्हातलं ग्लूटेन हे चिकट प्रथिन नसलेलं) पीठ आणायचं, ते मळायचं, लाटायला गेलं की कडा फाटायच्या, तव्यावर टाकेपर्यंत तुकडे, आणि हे सगळं ऑफिसातून आल्यावर रात्री आठ वाजता. गव्हाच्या पिठाला जो चिवटपणा येतो तो ग्लूटेनमुळे येतो आणि ग्लूटेन फ्री पिठांत तो नसतोच, त्यामुळे आपण कितीही मळलं तरी उपयोग नसतो, हे मला फार उशिरा कळलं. मग मी ठरवलं की कामाच्या दिवशी लाटायचंच नाही. ज्या पदार्थांत मुळात गहू नसतो तेच करायचे, मग त्याला पर्याय शोधायची वेळच येत नाही.

सगळ्यात भरवशाचं म्हणजे बेसनाची धिरडी. 1 वाटी बेसन, 2 चमचे तांदळाचं पीठ (याने कडा कुरकुरीत होतात), मीठ, हळद, तिखट, बारीक चिरलेला कांदा आणि घरात जी भाजी असेल ती, किसलेलं गाजर, पालक, कोबी, काहीही चालतं. पाणी एकदम ओतू नका, आधी अर्धी वाटी घालून गुठळ्या मोडा आणि मग हळूहळू वाढवत सरसरीत करा, साधारण पाऊण ते एक वाटी लागतं, पण किसलेल्या भाजीला पाणी सुटतं म्हणून हात राखून. आता हे दहा मिनिटं तसंच ठेवायचं, ही पायरी घाईत सगळे गाळतात आणि मग धिरडं उलटताना मोडतं, पीठ नीट भिजलं की ते आपोआप धरून राहतं. आच मध्यम, वर झाकण, वरची बाजू कोरडी दिसायला लागली की मगच उलटायचं, त्याआधी उलथनं लावायचंच नाही. सोबत दही असलं की जेवण झालं. मुगाचीही अशीच होतात, सकाळी निघताना 1 वाटी मूगडाळ भिजत घातली की संध्याकाळी आलं-मिरची घालून मिक्सरमधून काढायची बस. ते वाटण फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतं म्हणून मी दुप्पटच करते.

दुसरं, एका भांड्यातलं. लाल मसूर डाळ ही घाईच्या दिवसांसाठीच आहे असं मला वाटतं, भिजवावी लागत नाही आणि उघड्या पातेल्यातसुद्धा पंधरा-वीस मिनिटांत शिजते. कुकरमध्ये तेलात जिरं, लसूण, कांदा, टोमॅटो परतायचा, त्यावर 1 वाटी तांदूळ, अर्धी वाटी मसूर डाळ, मूठभर मटार किंवा गाजराचे तुकडे, 4 वाट्या पाणी, मीठ आणि 3 शिट्ट्या. वाफ जिरेपर्यंत तुम्ही कपडे बदला, मुलांचा अभ्यास बघा. मऊ होतं, वरून तूप किंवा लिंबू. मोकळं हवं असेल तर पाणी 3 वाट्या.

भाताऐवजी किन्वा घेतलात तर तो आधी चाळणीत चांगला धुवा, त्याच्यावर सॅपोनिनचा थर असतो त्याने कडवट लागतो. 1 वाटीला 2 वाट्या पाणी, पंधरा मिनिटं.

खरं काम मात्र रविवारी होतं. मी अर्धा किलो काबुली चणे शनिवारी रात्री भिजत घालते, रविवारी कुकरमध्ये मऊ शिजवते आणि गार झाले की एका जेवणाला लागतील एवढे वेगवेगळ्या डब्यांत भरून फ्रीजरला टाकते, दोन-तीन महिने सहज राहतात. मग बुधवारी काय, कांदा-लसूण-टोमॅटो परतला, डबा तसाच थिजलेला त्यात उलटा केला, शेवटी पालक, वीस मिनिटांत भाजी तयार. ती भातावर घ्या किंवा उकडलेला मोठा बटाटा मधे चिरून त्यावर घाला, पोटभर होतं आणि मुलं तर बटाट्यावरच मागतात. राजमा असाच करता येतो पण तो रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात खळाखळा उकळून पूर्ण मऊ शिजलाच पाहिजे, कच्चट राहिलेल्या राजम्याने उलट्या होतात, त्यामुळे मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये तो थेट टाकू नका. शिजलेला भात उरला तरी तो ओट्यावर पडू देऊ नका, पसरट ताटात लवकर गार करून तासाभरात फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत गरम करून संपवायचा.

पनीर किंवा टोफू असेल तर चौकोनी तुकडे कोरडे पुसून मक्याच्या कॉर्नफ्लॉरमध्ये घोळवा आणि थोड्या तेलात परता, छान कुरकुरीत होतात. ते भाज्या आणि तांदळाच्या नूडल्ससोबत घ्या.

आता इथेच एक गोष्ट सांगायची आहे जी मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. आम्ही पोळी, ब्रेड, रवा, मैदा, शेवया सगळं बंद केलं तरी मुलीचं पोट दुखतच होतं आणि मला कळेना, मग एक दिवस हिंगाच्या डबीवरचं बारीक अक्षर वाचलं तर त्यात गव्हाचं पीठ. बाजारातल्या बऱ्याच हिंगात ते मिसळलेलं असतं. रोज फोडणीत आम्ही तेच घालत होतो! तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो तो घ्या नाहीतर सरळ वगळा. तसंच साध्या सोया सॉसमध्ये बहुतेक वेळा गहू असतो, तामारी (सहसा गहू न घालता केलेला जपानी सोया सॉस) शोधा पण तिचंही लेबल वाचा. शाकाहारी लोकांसाठी ‘मांसासारखे’ म्हणून जे तयार तुकडे मिळतात त्यांतले काही तर गव्हाच्या ग्लूटेनचेच असतात. ओट्समध्ये गहू नसतो पण शेतात, गिरणीत मिसळतो म्हणून ग्लूटेन फ्री लिहिलेलेच. कुट्टूला इंग्रजीत बकव्हीट म्हणतात म्हणून लोक घाबरतात, त्याचा गव्हाशी काही संबंध नाही, बिनधास्त खा.

फक्त गव्हाची ॲलर्जी असेल तर बार्ली (जव) आणि राय ही ग्लूटेन असलेली दुसरी धान्यं सहसा चालतात, सिलिॲक (ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) असेल तर तीही नाहीत. आणि सिलिॲकची नुसती शंका असेल तर गहू बंद करण्याआधी तपासणी करून घ्या, कारण खाणं आधीच थांबवलं तर रिपोर्ट चुकीचा नॉर्मल येऊ शकतो. घरात बाकीच्यांसाठी पोळ्या होत असतील तर चाळणी, पोळपाट, लाकडी चमचे वेगळे ठेवा, आणि तवा एकच असेल तर घासून आधी धिरडी काढा, पोळ्या नंतर.