एकूण टक्केवारीवरून कारण ठरवताना या चुका टाळा

दोन गट, दोन टक्केवाऱ्या, फरक दिसला की ‘हा उपाय सरस’ असं लिहून मोकळं व्हायचं. प्रबंधांमध्ये सर्रास आढळणारी ही चूक आहे, आणि तिच्यावरून पुढे खऱ्या माणसांचे निर्णय होतात.

१९८६ साली ब्रिटनमध्ये मुतखड्याच्या उपचारांचे आकडे प्रसिद्ध झाले. उघड्या शस्त्रक्रियेत ३५०पैकी २७३ रुग्णांना गुण आला, म्हणजे ७८ टक्के. पाठीला लहान छिद्र पाडून दुर्बिणीने खडा काढला तेव्हा ३५०पैकी २८९, म्हणजे ८३ टक्के. दुर्बीण जिंकली? आता खड्याच्या आकारानुसार आकडे वेगळे करा. लहान खडे: उघडी शस्त्रक्रिया ८७पैकी ८१ (९३ टक्के), दुर्बीण २७०पैकी २३४ (८७ टक्के). मोठे खडे: २६३पैकी १९२ (७३ टक्के) आणि ८०पैकी ५५ (६९ टक्के). दोन्हीकडे उघडी शस्त्रक्रियाच पुढे! अवघड, मोठे खडे बहुतेक तिच्याच वाट्याला आले होते, म्हणून एकूण बेरजेत ती मागे पडली.

पण लगेच उलटा निकालही देऊ नका. उघड्या शस्त्रक्रिया १९७२ ते ८० मधल्या, दुर्बिणीच्या १९८० ते ८५ मधल्या. मधल्या काळात बाकीचं काय काय बदललं, हे या तक्त्यात दिसत नाही.

हे कळलं की माणूस दुसऱ्या टोकाला जातो: हाताशी असेल ते प्रत्येक व्हेरिएबल (वय, वजन यांसारखी मोजलेली बाब) रिग्रेशनमध्ये, म्हणजे अनेक बाबींचा परिणाम एकत्र मोजणाऱ्या गणिती मॉडेलमध्ये, घालतो. हे जास्त घातक, कारण काम काटेकोर दिसतं. कॅलिफोर्नियातल्या आकडेवारीत फक्त कमी वजनाची बाळं घेतली तेव्हा धूम्रपान करणाऱ्या आयांची बाळं कमी दगावलेली दिसली. सिगारेटने बाळ वाचलं नाही. वजन हा धूम्रपानाचाच परिणाम आहे; आणि आई धूम्रपान करत नसताना बाळाचं वजन कमी असेल, तर बरेचदा त्यामागे जन्मजात दोषासारखं अधिक गंभीर कारण असतं. खड्याचा आकार उपचाराआधीचा, बाळाचं वजन धूम्रपानानंतरचं. सगळी मेख या आधी-नंतरमध्ये आहे, आणि ती कुठलंही सॉफ्टवेअर सांगत नाही.

पी-व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, हीही इथे मदतीला येत नाही. ०.०५च्या खाली आली तरी गट मुळात वेगळे होते का, याचं उत्तर तिच्यात नसतं.

तुमचे निकाल गट पाडल्यावर उलटत असतील, तर मॉडेल बदलत बसू नका. कागदावर काळाची रेघ ओढा, निर्णय कधी झाला तिथे खूण करा आणि प्रत्येक व्हेरिएबल खुणेच्या कुठल्या बाजूला पडतं ते लिहा. डावीकडची (आधीची) तपासून मॉडेलमध्ये घ्या, उजवीकडची (नंतरची) बाहेर ठेवा. मग निर्णय घेणाऱ्या डॉक्टरला किंवा अधिकाऱ्याला विचारा: ‘हा उपाय कुणाला द्यायचा, हे तुम्ही काय बघून ठरवलंत?’ त्याने सांगितलेली गोष्ट तुमच्या डेटात नसेल, तर ते प्रबंधात स्पष्ट लिहा.