कॅलिफोर्नियातील बेघरांचे आकडे कसे वाचावेत

कॅलिफोर्नियात बेघरांची संख्या वाढली की घटली हे सांगण्यापूर्वी ती मोजतात कशी, हे पाहावे. केंद्रीय गृहनिर्माण खाते करवून घेते ती गणना जानेवारीच्या अखेरच्या दहा दिवसांतील एका रात्रीची असते. लॉस एंजेलिसमध्ये स्वयंसेवक रात्री गल्लोगल्ली फिरून उघड्यावरची माणसे, तंबू आणि मुक्कामाच्या गाड्या टिपतात. तंबूत कोणी डोकावत नाही, तर एका तंबूत सरासरी किती जण राहतात हे स्वतंत्र पाहणीतून काढून त्या संख्येने गुणतात. नातेवाइकांकडे दाटीवाटीने राहणारी कुटुंबे या गणनेत येत नाहीत, मात्र शाळांच्या नोंदीत त्यांची मुले बेघर धरली जातात. म्हणून हे दोन आकडे एकाच तक्त्यात घालू नयेत.

मग तुलनेचे वर्ष ठरवावे. खरी गफलत इथेच होते, कधी कधी जाणूनबुजूनही. २००७ साली राज्यात सुमारे १,३९,००० बेघर मोजले गेले, २०१४ मध्ये सुमारे १,१४,००० आणि २०२३ मध्ये सुमारे १,८१,०००. पहिल्या वर्षापासून धरल्यास वाढ तीस टक्के भरते, दुसऱ्यापासून धरल्यास जवळजवळ साठ. एकच आरंभवर्ष देणाऱ्या लेखाकडे म्हणूनच जरा संशयाने पाहावे.

एकूण संख्येइतकेच उघड्यावर झोपणाऱ्यांचे प्रमाणही पाहावे. २०२३ मध्ये ते कॅलिफोर्नियात सुमारे ६८ टक्के होते, तर न्यूयॉर्क राज्यात जेमतेम पाच. याचे श्रेय सरसकट थंडीला देऊ नये. न्यूयॉर्क शहर १९८१ च्या न्यायालयीन तडजोडीने निवारा देण्यास बांधलेले आहे.

कारणे शोधताना कायद्यांच्या तारखा जवळ ठेवाव्यात, पण परिणाम लगोलग दिसेल अशी अपेक्षा करू नये. १९७८ मध्ये मतदारांनी थेट मतदानाने मंजूर केलेल्या 'प्रस्ताव १३' या कायद्याने मालमत्ता कराला वेसण घातली, तेव्हापासून विक्रीकर मिळवून देणारी दुकाने नगरपालिकांना घरांपेक्षा फायद्याची वाटू लागली. २०१२ मध्ये शहरांच्या जुन्या वस्त्या सुधारणाऱ्या सरकारी पुनर्विकास संस्था बरखास्त झाल्या आणि परवडणाऱ्या घरांचा एक मोठा निधी आटला. बेघर लोक बाहेरून येतात, हा समज मात्र बाजूला ठेवावा, कारण सॅन फ्रान्सिस्कोतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या २०२३ च्या पाहणीत दहापैकी नऊ जणांचे शेवटचे घर याच राज्यात सुटले होते.

योजनांचे यश जोखताना खर्चाच्या रकमेवर विसंबू नये. पाच वर्षांत सुमारे २४ अब्ज डॉलर खर्चूनही फलनिष्पत्तीची सातत्याने नोंद ठेवली गेली नाही, असे राज्याच्या लेखापरीक्षकांनी एप्रिल २०२४ मध्ये नोंदवले. तपासलेल्या पाच योजनांपैकी दोनच किफायतशीर असाव्यात असे त्यांना म्हणता आले, त्यांपैकी एक म्हणजे मोटेल विकत घेऊन त्यांची घरे करणारी 'होमकी'. उरलेल्या तिन्हींचा निवाडा करण्याइतकी माहितीच उपलब्ध नव्हती.