निळं अंडं हवंय? आधी कवच फोडून बघा

आमचं घर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीवरून चोर्ला घाटाकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. गोव्याच्या गाड्या इथं चहाला थांबतात. दारात अंड्यांची टोपली ठेवलेली असते. त्यात पांढुरकी, बदामी, विटकरी अंडी असतात, चार-दोन निळसर आणि कधी एखादं शेवाळी हिरवं. बैलहोंगलकडची बाई आली की ‘जवारी तत्ती’ मागते, पणजीचा माणूस ‘गावठी तांतयां’ मागतो, दोन्हींचा अर्थ देशी कोंबडीची अंडी, आणि टोपली बघून दोघंही एकच प्रश्न विचारतात: ही निळी अंडी घालणारी कोंबडी कुठं मिळते? नव्यानं कोंबड्या पाळू बघणाऱ्या आसपासच्या बायका-पोरांनाही तेच हवं असतं. याचं उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखं नाही. मला ते कळायला सात वर्षं लागली, म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवातीला मी फसले. मोबाईलवर एका विक्रेत्यानं निळ्या अंड्यांनी भरलेल्या परडीचा फोटो टाकला होता. मी त्याच्याकडून वीस पिल्ली मागवली. साध्या पिल्लांच्या कितीतरी पट पैसे मोजले. प्रवासात आणि पहिल्या आठवड्यात सहा गेली. उरलेल्यांना सहा महिने जिवापाड जपलं. त्यातल्या तलंगा, म्हणजे तरुण माद्या, अंड्यावर आल्या आणि पहिलंच अंडं निघालं बदामी. दुसरं, तिसरं, सगळीच बदामी. सासूबाईंनी ते हातात घेऊन फिरवून बघितलं. म्हणाल्या, “अगं, असली अंडी तर आपली जवारी कोंबडी फुकटात घालतेय की.” विक्रेत्याला फोन केला तर तो म्हणाला, खाद्य बदला, रंग येईल. मी महिनाभर शेवग्याचा पाला आणि मेथीघास घालत राहिले. बलक झेंडूसारखा केशरी झाला, कवच मात्र होतं तसंच राहिलं.

तेव्हा मी शिकले ते असं: बलकाचा रंग खाद्यातून येतो. हिरवा पाला, पिवळा मका, झेंडूच्या पाकळ्या यांनी तो गडद होतो. कवचाचा रंग मात्र कोंबडीच्या वंशात असतो. तिच्या आई-बापाकडून आला तर आला, नाहीतर जन्मभर येत नाही. आणि कवचाच्या रंगामुळं आतल्या अंड्याच्या पौष्टिकतेत काही फरक पडत नाही. हे मी गिऱ्हाइकालाही सांगते. निळं अंडं औषधी म्हणून विकणं मला पटत नाही.

रंग येतो कसा हे समजून घेतलंत तर तुमची फसवणूक होणार नाही. कोंबडीच्या पोटात अंडं तयार व्हायला साधारण २५ तास लागतात, त्यातले वीसेक तास एकट्या कवचाला. कवच मुळात पांढरंच असतं. तपकिरी रंग शेवटच्या काही तासांत वरून चढतो, भिंतीला गिलावा झाल्यावर रंगाचा हात मारतात तसा. म्हणून विटकरी अंडं फोडून आतलं पापुद्र्याचं अस्तर काढलं तर कवच आतून पांढरं दिसतं. निळ्या रंगाचं तसं नाही. तो कवच तयार होत असतानाच त्यात मुरत जातो, त्यामुळं निळं कवच आतूनही निळंच असतं. हिरवं अंडं म्हणजे निळ्या कवचावर तपकिरी हात. वरचा हात हलका असेल तर पोपटी दिसतं, दाट असेल तर शेवाळी.

हा निळा रंग कोंबड्यांत आला कुठून, याचा उलगडा २०१३ साली झाला. फार पूर्वी एका विषाणूचा तुकडा कोंबडीच्या गुणसूत्रात शिरून बसला आणि त्यामुळं निळं रंगद्रव्य कवचात उतरू लागलं. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाची अरौकाना आणि चीनमधल्या काही देशी जाती, दोन्हींत हे वेगवेगळं घडलेलं आहे. अरौकानापासून अमेरिकेत अमेरौकाना तयार झाली. इंग्लंडमध्ये केंब्रिजला पनेट आणि पीज या शास्त्रज्ञांनी लेगबार जात घडवली, तिची क्रीम लेगबार ही शाखा निळी अंडी घालते. तिचं एक दिवसाचं पिल्लू बघूनच नर-मादी ओळखता येते. ‘ईस्टर एगर’ या नावानं जे विकतात ती जात नव्हे, तो संकर आहे. त्यातली एखादी निळं घालेल, एखादी हिरवं, एखादी बदामी. विक्रेत्यानं हे नाव घेतलं तर भाव त्याच हिशेबानं करा.

आता आपल्या मातीचं बोलू. जांबोटी, कणकुंबी हा मुसळधार पावसाचा पट्टा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत अंगण वाळत नाही. तेच अथणी, रायबाग, गोकाककडं गेलात तर एप्रिल-मेचं ऊन कोंबडीचा जीव काढतं. एकाच जिल्ह्यात ही दोन टोकं आहेत, म्हणून मित्राकडं छान वाढलेली जात तुमच्याकडं वाढेलच असं नाही. गडद चॉकलेटी अंड्यांसाठी फ्रान्सची मारान्स प्रसिद्ध आहे. पण तिच्या फ्रेंच वाणाच्या पायांना पिसं असतात. आमच्या चिखलात त्या पिसांचे गोळे होतात, बोटं कुजतात, आणि अंडी खोक्यात पडली तरी पायाच्या चिखलानं माखतात. नेदरलँडची वेल्समर गडद विटकरी घालते आणि तिचे पाय मोकळे असतात. ओल्या भागात निवड करायचीच तर मी तिच्याकडं झुकेन. अंगानं जड आणि दाट पिसांच्या जाती पूर्वेकडच्या उन्हात धापा टाकतात. धापा टाकल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, कवचाला लागणारा चुना नीट बनत नाही, आणि अंड्याचं कवच पातळ होतं.

म्हणून नवख्या माणसाला माझा आग्रह असा की पहिल्या वर्षी दुर्मिळ परदेशी नावांच्या मागं लागू नका. टोपलीत तीन रंग इथल्या इथं होतात. जवारी कोंबडीचं फिकट बदामी, कधी गुलाबी झाक असलेलं. ती वर्षाला साठ-सत्तरच अंडी देईल, पण घारीला चुकवेल, स्वतः चरेल आणि खुडूक झाली की पिल्ली काढेल. दुसरा रंग विटकरी. त्यासाठी ऱ्होड आयलंड रेड, किंवा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं परसासाठी तयार केलेली ग्रामप्रिया. ग्रामप्रिया अंड्यांसाठीच काढलेली आहे, तिचं नुसत्या चरण्यावर भागत नाही, संध्याकाळी मूठभर मका-कणी आणि शेंगपेंड लागतेच. बंगळूरच्या कृषी विद्यापीठानं काढलेली गिरिराज आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. तिचीही अंडी तपकिरीच, पण ती मटणाला जास्त उजवी. तिसरा रंग शुभ्र पांढरा, तो लेगहॉर्नचा. अंड्यांत तिचा हात कुणी धरत नाही. पण पांढरी कोंबडी झाडाझुडपांत लांबून दिसते. माझ्या चारपैकी तीन लेगहॉर्न एका पावसाळ्यात मुंगसानं आणि उदमांजरानं नेल्या. कुंपण पक्कं नसेल तर घेऊ नका.

कडकनाथबद्दल दोन शब्द. मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातली ही जात, २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. कातडी, मांस, हाडं काळपट, अंडं मात्र फिकट बदामी. काळं अंडं म्हणून कुणी काही विकत असेल तर तिथून निघून या. कुठलीच कोंबडी काळं अंडं घालत नाही.

बदक आणि गिनी फाउलही हिशेबात धरा. गावठी बदकांतल्या काही माद्या हिरवट-निळसर झाक असलेली मोठी अंडी घालतात. पाणी सांडून ती खुराडं ओलं करतात, म्हणून त्यांना वेगळं ठेवा. गिनीची अंडी लहान, ठिपक्यांची, कवच दगडासारखं, आणि साप दिसला की त्या गाव जागा करतात.

आता निळ्याकडं परत येते, कारण खरं शिकायचं तिथंच आहे.

दुसऱ्या खेपेला मी पिल्ली घेतलीच नाहीत. ओळखीतून एका हौशी माणसाच्या परसात गेले, त्याच्या खोक्यातून माझ्या हातानं अंडी उचलली. एक फोडून आतलं कवच बघितलं, निळं होतं. मग उबवायला सहा अंडी घेतली, मांडीवर धरून एसटीनं आणली आणि खुडूक जवारी कोंबडीखाली रवणीला ठेवली. एकविसाव्या दिवशी चार पिल्ली निघाली, दोन माद्या, दोन नर. दोन्ही तलंगांनी पुढं निळंच अंडं घातलं. पहिलं अंडं मी आठ दिवस देवघरात ठेवलं होतं. म्हणून सांगते, एक दिवसाचं पिल्लू बघून अंड्याचा रंग कळत नाही. अंड्यावर आलेली कोंबडी घ्या, नाहीतर डोळ्यांनी बघितलेली अंडी उबवा. फोटोतला रंग कसाही करता येतो.

कानाची पाळी बघा असंही लोक सांगतात: पांढरी पाळी तर पांढरं अंडं, लाल पाळी तर तपकिरी. बऱ्याच जातींत ते जुळतं, निळ्याच्या बाबतीत अजिबात उपयोग नाही. तुऱ्याची खूण थोडी बरी. निळ्या रंगाचा गुण आणि तीन रांगांचा बसका तुरा हे गुणसूत्रावर शेजारी शेजारी बसलेले असतात, त्यामुळं अरौकानाच्या वंशात सहसा बरोबरच उतरतात. पण आपल्या असील या झुंजीच्या जातीचाही तुरा तसाच बसका असतो, आणि असील निळं घालत नाही. बाजारात बसका तुरा दाखवून कुणी असीलचा संकर गळ्यात मारू नये. अरौकानाच्या गालावरचे पिसांचे झुबके दिसायला देखणे, पण दोन्ही पालकांना झुबके असतील तर काही पिल्ली अंड्यातच मरतात. घरची पैदास करायची तर एक पक्षी बिनझुबक्याचा ठेवा.

गोष्ट खरी पुढं जाते ती कोंबड्यामुळं. निळ्याचा गुण प्रबळ असतो, एका बाजूनं आला तरी दिसतो. म्हणजे दहा महागड्या कोंबड्या लागत नाहीत. निळ्या वंशाचा एक चांगला कोंबडा आपल्या जवारी कोंबड्यांत सोडला की पुढच्या पिढीत रंग येतो, आणि पोरी इथल्या पावसाला टिकणाऱ्या, चरून खाणाऱ्या होतात. विटकरी घालणाऱ्या कोंबडीवर घातला तर शेवाळी. अडचण एवढीच की कोंबडा अंडं घालत नाही, त्याच्यात गुण दुहेरी (आई-बाप दोघांकडून आलेला) आहे की एकेरी (एकाकडूनच आलेला) हे बघून कळत नाही. लेकींवरून कळतं. माझ्या पहिल्या कोंबड्याच्या सात लेकी झाल्या. चौघींनी फिकट हिरवं घातलं, तिघींनी बदामी. म्हणजे गुण एकेरी होता. दुहेरी असता तर सातही हिरव्या-निळ्यात आल्या असत्या.

रोज दिसणारा रंग एकसारखा राहत नाही, त्यानं घाबरू नका. तलंगेची पहिली अंडी सगळ्यांत गडद, पुढं हंगामभर फिकट होत जातात, अंडी थांबून पिसं झडून परत सुरू झाली की पुन्हा गडद. ऊन, कुत्र्याची भीती यांनीही रंग उडतो. पण सगळ्यांचीच अंडी एकदम फिकी, पातळ, वेडीवाकडी येऊ लागली तर आजाराची शंका घ्या आणि गुरांच्या दवाखान्यात जा. अंडी धुऊ नका. कवचावर एक नैसर्गिक थर असतो, तो गेला की अंडं लवकर खराब होतं, आणि गडद अंड्याचा वरचा रंगही निघतो. कोरड्या फडक्यानं पुसा. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेवा.

लसीत मात्र हयगय नको. मानमोडी (राणीखेत रोग) आली की रंगीत-बिनरंगीत सगळी कोंबडी दोन दिवसांत आडवी होतात. आमच्या वाडीत मी ते बघितलंय. पहिल्या आठवड्यात मानमोडीच्या लासोटा किंवा एफ-वन लसीचा डोळ्यात थेंब, पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की गंबोरो या दुसऱ्या आजाराची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, आठव्या आठवड्यात मानमोडीचीच आर-टू-बी टोचून. लसीची कुपी शंभर-शंभर पिल्लांची असते आणि विरघळवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. म्हणून आम्ही पाच-सहा घरं एकाच दिवशी पिल्ली डालग्यात घालून एका अंगणात जमतो. बैलहोंगलजवळ मत्तीकोपला आणि गोकाककडं तुक्कानट्टीला कृषी विज्ञान केंद्रं आहेत, तिथं प्रशिक्षणाची चौकशी करा.

सध्या माझ्याकडं दुसरा कोंबडा आहे, धारवाडच्या एका हौशी माणसाकडून अदलाबदलीत आणलेला, म्हणजे रक्त बाहेरचं. त्याला आठ जवारी कोंबड्यांबरोबर वेगळं ठेवलं. शिवरात्रीनंतर निघालेल्या त्याच्या लेकींच्या उजव्या पायात हिरवं कडं आहे. नऊ आहेत. गणपतीच्या सुमारास त्या अंड्यावर येतील. वहीत प्रत्येकीचं पान केलंय, खोक्यात गवत घातलंय. नवाच्या नऊ निळ्या-हिरव्यात आल्या तर या कोंबड्याची अंडी मी वाडीत उबवायला वाटणार आहे. एकीनं जरी बदामी घातलं तर त्याचा गुण एकेरी, मग तो यात्रेला जाईल आणि पुढचा कोंबडा शोधायला मी परत धारवाडला.