राकेश शर्मांचा धडा पुळणीवर कसा घ्यावा

शाळा किनाऱ्यावर असेल तर पहिले भारतीय अंतराळवीर राकेश शर्मा यांचा हा धडा वर्गात घेऊ नका. फळ्यावर त्याच्या तीनच ओळी होतात: जन्म १३ जानेवारी १९४९, पतियाळा, ३ एप्रिल १९८४ ला अवकाशात, पुढे अशोकचक्र. मुलं त्या उतरवतात नि मोकळी होतात. मी दापोलीकडे मच्छीमार वस्तीत शिकवते. आमच्या पोरांना आभाळाकडे बघायची सवय घरातूनच असते, तिचा उपयोग करायचा.

दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला धरा. शर्मा राहिले ते सॅल्यूत-७ हे सोव्हिएत अवकाश स्थानक १९९१ मध्येच वातावरणात शिरून जळालं, म्हणून मुलांना दाखवायचं ते आजचं आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक. दोघांच्या कक्षेचा विषुववृत्ताशी कल सारखाच, ५१.६ अंश. नासाच्या ‘स्पॉट द स्टेशन’ ॲपवर गाव टाकलं की वेळ, दिशा, उंची सगळं मिळतं. सूर्यास्तानंतर तासाभरातली, चाळीस अंशांच्या वर चढणारी फेरी निवडा. भरतीची वेळही बघून ठेवा. उधाणाच्या दिवशी पोरं बसवायला पुळण उरत नाही.

उजेड असतानाच बाटलीचा प्रयोग उरका. प्लास्टिकच्या बाटलीला बुडाजवळ दाभणाने भोक पाडा, बोटाने दाबून पाणी भरा, झाकण लावू नका. वर ओढलेल्या होडीवर सातवीतलं उंच पोर उभं करा. बोट काढलं की धार लागते. आता बाटली तशीच सोडायला सांगा, ढकलायची नाही. पडताना धार थांबते! चार वेळा करा, कारण पहिल्यांदा सगळे बाटलीकडे न बघता होडीवरच्या पोराकडे बघतात. मग सांगा: चारशे किलोमीटरवर गुरुत्वाकर्षण संपत नाही, जवळजवळ नव्वद टक्के शिल्लक असतं. स्थानक आणि आतली माणसं सतत एकत्र पडत असतात, पण वेग इतका की जमीन लागतच नाही. म्हणून तरंगतात.

आता शर्मा. त्यांना वर नेणाऱ्या सोयूझ टी-११ यानात तिघे होते. युरी मालिशेव तांडेल, म्हणजे कप्तान, गेन्नादी स्त्रेकालोव इंजिन बघणारे, आणि शर्मा संशोधनाचं काम करणारे. आमच्या पोरांना एवढं पुरतं. हवाई दलाचा हा वैमानिक १९७१ च्या युद्धात मिग-२१ उडवून आलेला. मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत त्यांचं प्रशिक्षण झालं, रशियन शिकावी लागली. त्यांच्याबरोबर रवीश मल्होत्राही तितकेच तयार झाले आणि राखीव राहिले. त्यांचं नाव आवर्जून घ्या. इंदिरा गांधींना दिलेलं उत्तर मुलांना आधीच पाठ असतं, तिथे रेंगाळू नका. जवळजवळ आठ दिवसांत त्यांनी वरून भारताचे फोटो काढले, वजनरहित अवस्थेत योगासनं करून शरीरावरचा परिणाम तपासला, हे सांगा. नंतर ते नाशिकला विमानं बनवणाऱ्या एचएएलमध्ये चाचणी वैमानिक होते, हेही.

वेळ झाली की सगळ्यांचे मोबाईल खिशात. स्थानक पश्चिमेकडून, म्हणजे बहुधा समुद्रावरून वर येतं. क्षितिजावर बोटींचे दिवे असतात, त्यात पोरं फसतात. जो ठिपका लुकलुकत नाही आणि न थांबता वर चढतो, तो आपला. तो सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त जातो, म्हणजे रत्नागिरी-मुंबई रस्त्याने जेवढं, तेवढं अंतर पाऊण मिनिटात. कधी मध्येच विझतो. पृथ्वीच्या सावलीत गेला, एवढंच.

शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये याच ठिपक्यात राहून आले, हे तो दिसत असतानाच सांगा.

मग प्रश्न येतात, आणि पहिला नेहमी संडासाचा. टाळू नका. तिथे हवेने ओढून घेतात, आणि लघवी शुद्ध करून तेच पाणी पुन्हा पितात. शहरातली मुलं ‘ई’ करतात म्हणे. आमच्याकडे मे महिन्यात विहिरी तळाला जातात, पोरांनी लगेच विचारलं, “बाई, ते मशीन केवढ्याला?”